पहिले आठ आठवडे केशवाहिन्यांसाठी

व्यायाम सुरू करणारे बरेच जण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो सोडून देतात. वजनाचा काटा हललेला नसतो, पोट होतं तेवढंच असतं, दंडाला टेप लावली तर आकडा जुनाच येतो. ‘रोज पहाटे उठून चालतोय, पण फरक काहीच नाही,’ ही तक्रार बागेतल्या बाकांवरही ऐकू येते आणि दवाखान्यातही. फरक पडत असतो, पण तो काट्याला किंवा टेपला कळण्यासारखा नसतो. त्या सुरुवातीच्या आठवड्यांत काम चालतं ते स्नायूंच्या आत, रक्ताच्या सगळ्यात बारीक वाहिन्यांवर. या केशवाहिन्यांना बाहेरून बिलगून बसलेल्या काही आधारपेशी असतात. त्यांना पेरिसाइट म्हणतात. त्यांचं काम एकदा समजलं, की व्यायामाची आखणी कशी करावी, किती दिवस धीर धरावा आणि आजारपणानंतर कुठून सुरुवात करावी, या प्रश्नांची उत्तरं बरीच सोपी होतात.

मांडीच्या स्नायूचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर एकमेकांना खेटून बसलेले स्नायुतंतू दिसतात. प्रत्येक तंतू साधारण केसाच्या जाडीचा असतो आणि त्याच्या कडेने तीन ते पाच बारीक ठिपके असतात. हे ठिपके म्हणजे कापल्या गेलेल्या केशवाहिन्या. केशवाहिनीची पोकळी एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाच ते दहापट असते. तांबडी रक्तपेशी त्याच हजाराव्या भागाच्या सात-आठपट रुंद असते. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी तिला वाकून, दुमडून, एकामागून एक अशा रांगेतच पुढे सरकावं लागतं. केशवाहिनीची भिंत एका पेशीएवढीच जाड. प्राणवायू, साखर आणि इन्शुलिन या भिंतीतूनच स्नायूत उतरतात, आणि कार्बन डायऑक्साइड व लॅक्टेट त्याच वाटेने बाहेर पडतात. हृदय कितीही दमदार असलं आणि फुप्फुसं कितीही स्वच्छ असली, तरी खरी देवघेव होते ती इथे.

या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पेरिसाइट बसलेली असते. मधला भाग फुगीर, त्यात केंद्रक, आणि दोन्ही बाजूंना वाहिनीच्या लांबीने पसरलेले लांब हात. त्या हातांना बोटांसारखे फाटे फुटतात आणि ते वाहिनीभोवती वेढे घालतात. भिंतीतली पेशी आणि पेरिसाइट यांच्यामध्ये एक पातळ पटल असतं, पण काही ठिकाणी त्याला भोक पडून दोघी थेट एकमेकींना टेकलेल्या असतात. तिथून त्यांचे संदेश सतत इकडून तिकडे जात असतात. शार्ल रूजे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७३ साली या पेशींचं वर्णन केलं, आणि १९२३ मध्ये झिमरमन यांनी त्यांना आजचं नाव दिलं. त्यानंतरही बराच काळ त्यांच्याकडे निव्वळ गुंडाळी म्हणूनच पाहिलं गेलं.

आपल्याकडच्या कालव्यांवर जे दिसतं, तेच इथे घडतं. धरण भरलेलं असतं, मोठ्या कालव्याला पाणीही सुटलेलं असतं, पण शेवटची चारी धड नसेल तर टोकाच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो. पेरिसाइट ही त्या चारीवरचा पाटकरी आहे. नवी चारी खणली की तिचे काठ पक्के करणं आणि गळती रोखणं हे तिचं काम.

आता तुम्ही भरभर चालता किंवा टेकडी चढता तेव्हा काय घडतं ते पाहू. स्नायूतला प्राणवायू भराभर खर्च होतो. रक्ताचा वेग वाढतो आणि ते भिंतीला जास्त जोराने घासत जातं. स्नायू ताणला जातो, आखडतो. या तिन्ही गोष्टी मिळून एक निरोप तयार होतो. स्नायुतंतू आणि पेरिसाइट दोन्ही व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. नवी रक्तवाहिनी उगवायला लावणारा हा मुख्य पदार्थ. उंदरांच्या स्नायूंतून तो काढून टाकला, तर त्यांना कितीही पळवलं तरी केशवाहिन्या वाढत नाहीत. व्हीईजीएफचा निरोप मिळाला, की त्या जागेपुरती पेरिसाइट आपली पकड सैल करते. मग भिंतीतल्या पेशी विभागतात आणि कोंब बाहेर पडतो. काही वेळा कोंब फुटतच नाही. वाहिनीच्या आत मधोमध पडदा तयार होतो आणि एकीच्या दोन वाहिन्या होतात.

हा कोंब कच्चा असतो. तो झिरपतो आणि टिकेलच याची खात्री नसते. म्हणून कोंबातल्या पेशी पीडीजीएफ नावाचं दुसरं प्रथिन सोडून पेरिसाइटना बोलावतात. पेरिसाइट येतात, वेढा घालतात, भिंतीभोवतीचं पटल घालायला मदत करतात, आणि मगच ती वाहिनी पक्की होते. पेरिसाइट आल्या नाहीत, तर कोंब सुकून जातो. बोलावणं एका दिवसाच्या व्यायामाने जातं, पण पक्कं बांधकाम पुन:पुन्हा तीच मागणी आली तरच होतं. आठवडाभर अंग मोडेपर्यंत व्यायाम आणि नंतर पंधरा दिवस सुट्टी, या पद्धतीने पदरात फारसं काही पडत नाही ते यामुळेच. मी कुणालाही सांगताना जोरापेक्षा नेमाला जास्त महत्त्व देतो, तेही याच कारणासाठी.

या बांधकामाला वेळ किती लागतो? १९७७ साली पेर अँडरसन आणि यान हेनरिक्सन यांनी काही तरुणांना आठ आठवडे सायकल चालवायला लावली. आठवड्यातून चार दिवस, रोज ४० मिनिटं, आणि तीही बऱ्यापैकी धाप लागेल इतक्या जोराने. आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून मोजणी केली, तेव्हा केशवाहिन्यांची दाटी सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली दिसली. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता १६ टक्क्यांनी वाढली होती. हे आकडे तरुणांचे आणि जोरदार व्यायामाचे आहेत. पन्नाशीतल्या माणसाने तेवढ्याच वाढीची अपेक्षा धरू नये. पण ‘सहा ते आठ आठवडे’ हा हिशेब डोक्यात पक्का ठेवावा. त्याआधी निकाल लावणं म्हणजे पेरणी होऊन आठवडा झाला नाही तोच पीक नाही म्हणून शेत मोडण्यासारखं आहे.

पेरिसाइटचं दुसरं काम स्नायूच्या दुरुस्तीशी जोडलेलं आहे. स्नायुतंतूच्या कडेला सॅटेलाइट पेशी असतात. १९६१ मध्ये अलेक्झांडर माउरो यांनी त्या दाखवून दिल्या. तंतूला इजा झाली किंवा तो वाढवायचा असला की त्या जाग्या होतात. त्या बहुतेक करून केशवाहिनीच्या जवळच बसलेल्या असतात, म्हणजे पेरिसाइटच्या शेजारी. २००७ साली ज्युलिओ कोस्सू यांच्या गटाने माणसाच्या स्नायूतल्या पेरिसाइटपासून नवे स्नायुतंतू तयार होऊ शकतात, असं दाखवलं. मोठी खळबळ उडाली. पुढे २०१७ मध्ये उंदरांवरच्या एका काटेकोर कामातून उलटं दिसलं, की जिवंत प्रौढ शरीरात पेरिसाइट सहसा आपलं रूप बदलत नाहीत. माझं मत असं, की त्या स्वतः स्नायू बनोत वा न बनोत, शेजारच्या पेशींना वाढीचे पदार्थ पुरवणं आणि रक्ताची वाट नीट ठेवणं हेच त्यांचं मोठं योगदान. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मार्नी बॉपार्ट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे मागचे पाय काही दिवस जखडून ठेवले. स्नायू रोडावले. मग पाय मोकळे करून काही उंदरांना पेरिसाइट टोचल्या. ज्यांना त्या मिळाल्या, त्यांचे तंतू जास्त चांगले भरून आले.

हे वाचून कुणाला पेरिसाइटचं इंजेक्शन घ्यावंसं वाटेल. घेऊ नका. माणसांत स्नायू वाढवण्यासाठी असा कोणताही मान्य उपचार नाही. आपल्याकडे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा, म्हणजे दुसऱ्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींचा, वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा. गुडघे, स्नायू, म्हातारपण, सगळ्यांवर एकच इंजेक्शन सांगणाऱ्या जाहिराती दिसल्या, तर त्या दारातूनच परत फिरावं.

व्यायामाच्या क्रमाबद्दल मात्र हे ज्ञान आजच वापरता येतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०२२चा एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. तरुण स्त्री-पुरुषांनी सहा आठवडे एकाच पायाने सायकल चालवली. दुसरा पाय नुसता. त्यानंतर दहा आठवडे दोन्ही पायांनी वजनांचा सारखाच व्यायाम केला. माणूस तोच, जेवण तेच, झोप तीच, वजनं तीच. तरीही ज्या पायाने आधी सायकल चालवली होती, त्याचे स्नायुतंतू जास्त वाढले. त्या पायात केशवाहिन्या आधीच वाढलेल्या होत्या. वयस्क पुरुषांवरच्या २०१७च्या डच अभ्यासातही हेच दिसलं होतं. २४ आठवडे वजनांचा व्यायाम केल्यावर स्नायू वाढले ते प्रामुख्याने सुरुवातीलाच केशवाहिन्या जास्त असणाऱ्यांचे.

म्हणून बसून काम करणाऱ्या, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला माझा सल्ला असा आहे. जिमची वर्षाची फी भरून पहिल्याच दिवशी जड बारबेलखाली जाऊ नका. पहिले सहा ते आठ आठवडे मुख्य भर चालण्यावर, सायकलवर किंवा पोहण्यावर ठेवा. ताकदीचे हलके व्यायाम आठवड्यातून दोन दिवस सोबत चालू द्या, आणि जोर नंतर वाढवा. साठीनंतर ताकदीचा व्यायाम पुढे ढकलायचा नाही, कारण त्या वयात स्नायू झिजणं थांबत नाही. पण तिथेही पायाभरणी चालण्यानेच करायची. छातीत दुखणं, चालताना छातीवर दाब येणं, घेरी किंवा आधीचा हृदयविकार असेल तर यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा.

चालायचं किती जोराने, हा खरा मुद्दा. शेजाऱ्याशी तुटक बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतकी धाप लागायला हवी. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यांपेक्षा ही खूण जास्त भरवशाची आहे. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधाने दबलेली असते, त्यांनी तर आकड्यांवर विसंबूच नये. पहिले दोन आठवडे २० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. तिसऱ्या आठवड्यापासून ३० मिनिटं. पाचव्यापासून ४० मिनिटं, आणि त्यातले दोन दिवस मध्येमध्ये तीन-तीन मिनिटांचे वेगवान टप्पे, असे चार. वेगवान टप्प्यात बोलणं थांबायला हवं. पुण्यात राहणाऱ्यांना वेताळ टेकडी किंवा पर्वतीच्या पायऱ्या आहेत. जिथे चढ नाही तिथे इमारतीचा जिना पुरतो. पावसाळ्यात जिना आणि गच्चीखालचा पॅसेज वापरा, पण खंड पाडू नका. विदर्भातल्या उन्हाळ्यात सहाच्या आत चालून परत या. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. वरच्या आखणीने तुम्ही तिसऱ्या आठवड्यापासूनच त्यात बसता.

ताकदीसाठी सुरुवातीला उपकरणं नकोत. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, ओट्याला धरून टाचा वर उचलणं, आणि पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन दंडाचे व्यायाम. प्रत्येकाच्या आठ-दहा आवृत्त्या, दोन फेऱ्या. आठव्या आठवड्यानंतर वजन किंवा रबरी पट्ट्याचा ताण वाढवा. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी बैठका जरूर काढाव्यात. खाली जाताना घाई करू नका. स्नायू लांबत असताना भार पेलणं हा त्याला वाढवणारा मोठा संकेत असतो.

फरक मोजायचाच असेल तर तो योग्य ठिकाणी मोजा. एका खुर्चीवर हात छातीशी घडी घालून बसा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते वहीत लिहा. फिजिओथेरपिस्ट हीच चाचणी वापरतात. ठरलेला एक जिना ठरलेल्या वेगाने चढा आणि श्वास शांत व्हायला किती वेळ लागतो ते पाहा. दर पंधरा दिवसांनी हे दोन आकडे नोंदवा. वजन महिन्यातून एकदा केलं तरी पुष्कळ. चौथ्या आठवड्यात काटा स्थिर आणि जिना सोपा, असं बहुतेकांचं होतं.

शतपावलीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्यावर आपली फार श्रद्धा आहे आणि ती योग्यच आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं, की स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात आणि जेवणानंतरची उसळी कमी होते. पण शतपावली संथ असते. तिच्यामुळे प्राणवायूची ओढाताण होत नाही, म्हणून केशवाहिन्या वाढवण्याचं काम तिच्यावर सोपवू नये. रात्रीची शतपावली आणि सकाळचं भरभर चालणं, दोन्ही हवं.

बसण्याचंही तसंच. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात २०१६ साली काही तरुणांना तीन तास खुर्चीत बसवलं. एक पाय स्थिर, दुसरा पाय मिनिटभर हलवायचा आणि चार मिनिटं थांबवायचा. तीन तासांनी स्थिर पायातल्या गुडघ्यामागच्या धमनीची प्रसरण पावण्याची क्षमता घसरली. हलणाऱ्या पायाची टिकून राहिली. बसल्या बसल्या पाय हलवणाऱ्या मुलांना आपल्या घरात बोलणी बसतात. संगणकापुढे आठ तास बसणाऱ्यांनी मात्र पाय खुशाल हलवावेत, आणि जमेल तेव्हा उठून उभं राहावं.

मधुमेह असलेल्यांना हा विषय सगळ्यात जवळचा. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणे देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. या आजाराचा पेरिसाइटवर थेट वार होतो. शरीरात पेरिसाइट सगळ्यात दाट असतात त्या डोळ्याच्या पडद्यात, आणि मधुमेहात तिथल्या पेरिसाइट मरणं ही पडद्याच्या आजाराची अगदी सुरुवातीची खूण आहे. आधाराविना वाहिनी फुगते, झिरपते, आणि पुढे अनावर नव्या वाहिन्या फुटतात. स्नायूंतही केशवाहिन्या विरळ होतात आणि त्यांच्याभोवतीचं पटल जाड होतं. मग इन्शुलिन रक्तात असूनही तंतूपर्यंत पोहोचायला उशीर लागतो.

आपल्या लोकांसाठी याला आणखी एक बाजू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण यडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त, हे त्या एका फोटोने जगाला पटवलं. म्हणून ‘मी तर सडपातळ आहे, मला व्यायामाची काय गरज’ असं म्हणणाऱ्या मराठी माणसाने हे दोन आकडे आठवावेत. साखर मुख्यतः स्नायूतच जिरते. स्नायू थोडा आणि त्यातल्या वाहिन्या विरळ, म्हणजे दुहेरी तोटा.

मधुमेहींनी व्यायामाआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा. पडद्यावर नव्या वाहिन्या फुटलेल्या असतील, तर श्वास रोखून जड वजन उचलणं, डोकं खाली करणारी आसनं आणि उड्या टाळाव्यात. चालणं सहसा चालतं, पण नेत्रतज्ज्ञांना विचारून. इन्शुलिन किंवा साखर जास्त उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी. पायाला बधिरपणा असेल तर अनवाणी चालायचं नाही, आणि घरी आल्यावर तळपाय आरशात पाहायचे.

चालताना ठराविक अंतरावर पोटरी भरून येते, गोळा येतो, थांबलं की पाच मिनिटांत जातो, पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा येतो, असं होत असेल तर ते नुसतं वय नव्हे. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असण्याची शक्यता असते, विशेषतः तंबाखू ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत. रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. त्यावरचा पहिला उपाय बऱ्याचदा चालणंच असतो, आणि तेही दुखेपर्यंत चालणं. बऱ्यापैकी दुखू लागलं की थांबायचं, दुखणं गेलं की पुन्हा निघायचं, असं करत ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, किमान १२ आठवडे, देखरेखीखाली. अडलेली धमनी त्याने मोकळी होत नाही, पण स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात काम करायला शिकतो आणि न दुखता चालण्याचं अंतर वाढतं. त्याच वेळी तंबाखू, मिश्री, विडी सगळं बंद. फुप्फुसांच्या जुन्या आजारात काय होतं तेही लक्षात घ्या. फ्रान्समध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कामात सीओपीडीच्या रुग्णांना आणि निरोगी माणसांना व्यायाम दिला, तेव्हा रुग्णांच्या स्नायूंत नव्या वाहिन्या आणि पेरिसाइट यांची सांगड नीट बसली नाही. अशा रुग्णांनी व्यायाम सोडू नये, पण फळ उशिरा मिळेल हे धरून चालावं आणि फुप्फुस पुनर्वसनाच्या केंद्रात जावं.

गोळ्यांचा मोह इथेही आड येतो. व्यायामात तयार होणारे ऑक्सिजनचे तिखट रेणू वाईटच, असं समजून लोक जीवनसत्त्व सी आणि ईच्या मोठ्या मात्रा घेतात. हे रेणू थोड्या प्रमाणात संकेताचं काम करतात. २००९ साली जर्मनीत केलेल्या प्रयोगात चार आठवडे व्यायाम करणाऱ्या तरुणांपैकी काहींना रोज १००० मिलिग्रॅम सी आणि ४०० युनिट ई दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता सुधारली, घेणाऱ्यांची नाही. आवळा, पेरू, लिंबू रोज खा, त्याने काही बिघडत नाही. डॉक्टरांनी कमतरतेसाठी दिलेली औषधंही बंद करू नका. फक्त मोठ्या मात्रेच्या ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

लग्नसराई, गणपती, परीक्षा, आजारपण यांमुळे खंड पडतोच. त्याची फार धास्ती घेऊ नये. १९८४ साली एडवर्ड कॉइल यांनी वर्षानुवर्षं सराव करणाऱ्या धावपटू आणि सायकलपटूंचा सराव ८४ दिवस पूर्ण थांबवला. प्राणवायू वापरण्याची क्षमता पहिल्या २१ दिवसांत ७ टक्क्यांनी आणि ५६ दिवसांपर्यंत १६ टक्क्यांनी घसरली. पण केशवाहिन्यांची दाटी तशीच राहिली. म्हणजे जुन्या नेमाचं बांधकाम लवकर पडत नाही. दोन महिन्यांचाच सराव असेल तर ते तेवढं टिकत नाही. महिनाभर खंड पडला, तर पुन्हा सुरू करताना आधीच्या निम्म्यावर या आणि दोन आठवड्यांत पूर्वपदावर चढा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अंथरुणाला खिळल्यावर किंवा पाय प्लास्टरमध्ये असताना. प्लास्टर निघतं तेव्हा पोटरी बारीक झालेली असते, कातडी कोरडी, सालं निघालेली, घोटा ताठलेला. बाहेरून जेवढं दिसतं त्याहून जास्त आत झालेलं असतं. वापर थांबला की वाढीचे निरोपही थांबतात, आणि वाहिन्या, पेरिसाइट, तंतू सगळंच आक्रसतं. म्हणून प्लास्टर असतानाच, हाडाच्या डॉक्टरांची परवानगी घेऊन, पायाची मोकळी बोटं हलवत राहावीत. गुडघा न वाकवता मांडीचा स्नायू पाच सेकंद घट्ट आवळून सोडावा, तासातासाने दहा वेळा. चांगल्या पायाचा व्यायाम चालूच ठेवावा.

जो रुग्ण स्वतः पाय हलवू शकत नाही, त्याच्या घरच्यांनीही हात टेकू नयेत. कोपनहेगनमध्ये इल्वा हेल्स्टेन यांच्या गटाने दाखवलं आहे, की दुसऱ्याने पाय हलवला तरी रक्ताचा वेग वाढतो आणि स्नायूत व्हीईजीएफ सुटतं. म्हणून सकाळ-संध्याकाळ, फिजिओथेरपिस्टने दाखवलं असेल तसं, एक हात टाचेखाली आणि दुसरा गुडघ्याखाली घेऊन पाय सावकाश वाकवावा आणि सरळ करावा. आई-वडिलांना हे करताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहावं. दुखत असेल तर ते तोंडाने सांगत नाहीत. उठून बसण्याची परवानगी मिळाली, की त्याच दिवशी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवावं, आणि डाळ, अंडी, दूध, मासे यांतलं जे चालतं ते जेवणात वाढवावं. प्लास्टर निघाल्यावर पहिले काही आठवडे थोडं-थोडं पण दिवसातून अनेकदा चालणं, हे एकाच दमात लांब चालण्यापेक्षा चांगलं. ताकदीचे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू वाढवावेत.

एका बाबतीत मात्र थांबायचं. अंथरुणावरच्या रुग्णाची एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर तिला तेल लावून चोळू नका आणि तो पाय हलवूही नका. शिरेत गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात न्या, आणि सोबत दम लागत असेल तर वेळ न घालवता १०८ला फोन करा.